१२३४५६७८९८७६५४३२१ : एका मोठ्या संख्येची पायरीपायरीने तपासणी

सतरा अंकी संख्या समोर आली की तिच्याबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ असतं. ती मूळ की संयुक्त? पूर्ण वर्ग आहे का? तिला विभाजक किती, आणि त्यांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरते की जास्त? ती दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का? हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी, आहे का? शाळेत हे प्रश्न वेगवेगळ्या इयत्तांत, वेगवेगळ्या धड्यांत भेटतात, म्हणून ते सुटे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक एकाच कामावर उभे आहेत: संख्येचे मूळ अवयव पाडणे. ते काम आधी झालं की बाकीची उत्तरं भराभर मिळतात. ते टाळून पुढे गेलं तर प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने डोकेफोड करावी लागते.

हे सगळं एका ठरावीक संख्येवर करून पाहू: १२३४५६७८९८७६५४३२१. तिच्यात वरवरचा डौल आहेच, पण आत गेल्यावर जे सापडतं ते त्याहून सुंदर आहे. ज्या संख्यांमधली अंकांची नक्षी महत्त्वाची आहे त्या मी स्वल्पविरामाशिवाय लिहिल्या आहेत, बाकीच्या नेहमीच्या पद्धतीने.

पायरी १ : संख्या नीट वाचून घ्या

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती होते १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. रोजच्या भाषेत वाचायची तर एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या ‘मध्य’ स्थानापर्यंत पोचते, मधोमधचा ९ अर्बुदाच्या घरात बसतो आणि सगळ्यात वरचं परार्धाचं घर तेवढं रिकामं राहतं.

आता संगणकाबद्दलची सावधगिरी, आणि ती याच पायरीवर हवी. ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाकून पाहा. एक्सेल पंधराच सार्थ अंक जपतं, त्यामुळे शेवटचे दोन अंक शून्य होतात आणि ...६५४३०० उरतं. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिली तर शेवटचा १ जाऊन ० येतो, कारण तिथे २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्णांक अचूक राहतो आणि आपली संख्या त्या मर्यादेच्या पलीकडची आहे. एकदा शेवटचा अंक बदलला की विभाज्यता, वर्ग, हर्षद यांपैकी कशालाच अर्थ उरत नाही, कारण आपण भलत्याच संख्येची तपासणी करत असतो. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी पूर्ण जपला जातो. मात्र तिथेही भागाकारासाठी दोन तिरक्या रेघांचं चिन्ह वापरा, म्हणजे उत्तर पूर्णांकातच राहतं, आणि वर्गमूळासाठी ‘आयएसक्यूआरटी’ हे पूर्णांकी वर्गमूळाचं फंक्शन घ्या.

तरी पुढचं जवळजवळ सगळं कागदावर होण्यासारखं आहे आणि ते कागदावरच करावं असं माझं मत आहे. यंत्र उत्तर देतं. ते उत्तर तसंच का आलं हे हाताने केल्यावरच कळतं.

पायरी २ : विभाज्यतेच्या कसोट्या

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १ ते ९ ची ४५ आणि परतीची ८ ते १ ची ३६, मिळून ८१. म्हणजे ३ ने भाग जातो आणि ९ नेही. हा ८१ लक्षात ठेवा, तो दोनदा परत लागणार आहे.

यापुढे मोठ्या संख्यांसाठी सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडणे: १२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१. गटांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज केली तर एका दमात ७, ११ आणि १३ यांची कसोटी होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. इथे ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. आता ३०९ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने भागून बाकी १, १३ ने भागून बाकी १०. तिघेही बाद.

त्याच गटांची नुसती बेरीज केली तर ९९९ ची कसोटी होते, कारण १००० ला ९९९ ने भागल्यावर बाकी १ उरते. बेरीज येते २९९७, म्हणजे बरोबर ९९९ × ३. याचा अर्थ आपल्या संख्येला ९९९ ने पूर्ण भाग जातो. आणि ९९९ = २७ × ३७. एका बेरजेत ३७ हा मूळ अवयव हाती आला. ७, ११, १३ च्या कसोट्या पाठ्यपुस्तकात सापडतात, पण ३७ ची ही कसोटी फारशी शिकवली जात नाही. ती शिकवायला हवी, इतकी ती सोपी आहे.

पायरी ३ : पूर्ण वर्ग आहे का?

आधी नकार मिळतो का ते पाहायचं. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७, ८ कधी येत नाहीत. इथे १ आहे. विषम वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते; ती पाहायला शेवटचे तीन अंक पुरतात आणि ३२१ ला ८ ने भागून बाकी १ च येते. नकार मिळाला नाही. म्हणून वर्ग आहेच असं नव्हे, पण वर्गमूळ काढून पाहणं आता योग्य ठरतं.

सतरा अंकी संख्येचं वर्गमूळ नऊ अंकी असणार. जोड्या पाडून नेहमीच्या पद्धतीने काढत गेलात तर एकामागून एक १ च येत जातो, आणि शेवटी १११११११११ वर बाकी शून्य होते. असं का होतं ते गुणाकार मांडला की दिसतं. १११११११११ ला स्वतःनेच गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १ असतो, पुढच्यात दोन, मग तीन, असं वाढत मधल्या स्तंभात नऊ, आणि मग उतरत पुन्हा एक. कुठेही बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि अंक चढत-उतरत स्वच्छ राहतात. दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं काहीसं विस्कटलेलं उत्तर मिळतं. या मालिकेतली शेवटची सुबक संख्या आपलीच.

देवळालीला शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाचा अभ्यास केला आणि त्यांना डेम्लो संख्या असं नाव दिलं. हे नाव त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका स्थानकाचं. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. अंकांच्या बेरजांवरून संख्यांचे प्रकार पाडायचे आणि त्यांतून नियम शोधायचे हे काम कापरेकरांनी आयुष्यभर केलं, आणि या लेखाच्या शेवटच्या भागावर त्यांचीच छाप आहे.

पायरी ४ : मूळ अवयव, संपूर्ण

वर्गमूळ मिळाल्यामुळे काम अर्ध्यावर आलं. आता १११११११११ चेच अवयव पाडायचे. ९ ने भागून १२३४५६७९ (होय, यात ८ नाही). त्याला ३७ ने भागून ३,३३,६६७. पुढे?

३,३३,६६७ मूळ आहे की नाही हे ठरवायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. अशा मूळ संख्या शंभराहून जास्त आहेत. पण ही संख्या कुठून आली आहे याचा विचार केला तर कष्ट फार कमी होतात.

३,३३,६६७ ही संख्या ९९९९९९९९९ ची विभाजक आहे. समजा प ही तिची एखादी मूळ विभाजक. मग १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. १०, १००, १००० असे घात घेत गेल्यावर प ने भागून बाकी पहिल्यांदा १ होते त्या घाताला प ची फेरी म्हणू. ही फेरी ९ ला भागणारी असली पाहिजे, म्हणजे १, ३ किंवा ९. फेरी १ असेल तर प ने ९ ला भाग जातो, म्हणजे प = ३. फेरी ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जातो, आणि तिथे ३ सोडून नवीन मूळ अवयव ३७ हा एकच. ३,३३,६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ × ९०१८ = ३,३३,६६६, बाकी १, म्हणून ३७ ही बाद. उरली फेरी ९. आणि फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार प ची फेरी नेहमी प − १ ला भागते. म्हणजे प − १ हा ९ च्या पटीत, आणि प विषम असल्याने १८ च्याही पटीत.

आता ५७७ पर्यंत, १८ ने भागून बाकी १ देणाऱ्या मूळ संख्या एवढ्याच (३७ वर झालीच): १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. शंभराच्या वर भागाकारांऐवजी सोळा. बाक्या क्रमाने येतात ८, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१. एकही शून्य नाही. ३,३३,६६७ मूळ आहे.

म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव:

३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३,३३,६६७ × ३,३३,६६७

घातांक ४, २, २. हे तीन आकडे आता पुढची सगळी वाट दाखवतात. सगळे घातांक सम, म्हणून पूर्ण वर्ग. तिन्हींचा मसावि २, म्हणून पूर्ण घन किंवा पूर्ण चौथा घात नाही. प्रत्येक मूळ अवयव निदान दोनदा आलेला, म्हणजे एकटा अवयव एकही नाही.

पडताळा घ्यायचा तर एक सुरेख रस्ता आहे. हीच संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते. ९९९९९९९९९ ने गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं देऊन मूळ संख्या वजा करणं: १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९. वजाबाकी करून पाहा, आपलीच संख्या उभी राहते.

पायरी ५ : विभाजक किती, त्यांची बेरीज किती

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विषम संख्येने विभाजक फक्त पूर्ण वर्गालाच असतात, कारण इतर संख्यांत विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गात वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं. या ४५ मध्ये १११, ९९९, १२३२१, १००१००१, १२३४५६७९, ९९९९९९९९९ अशी ओळखीची मंडळी आहेत. १२३२१ × १००२००३००२००१ हा गुणाकारही आपल्याच संख्येचा.

विभाजकांची बेरीज प्रत्येक मूळ अवयवासाठी वेगळी काढून गुणायची.

३ साठी: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१.

३७ साठी: १ + ३७ + १३६९ = १४०७.

३,३३,६६७ साठी: तिचा वर्ग १,११,३३,३६,६६,८८९, त्यात ३,३३,६६७ आणि १ मिळवून १,११,३३,४०,००,५५७.

गुणाकार: १८,९५,४२,७९,५९,२८,२७,५७९.

एवढा मोठा गुणाकार ताळा पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नका. नवाचा ताळा: १२१ चा ४, १४०७ चा ३, तिसऱ्याची अंकबेरीज ३० म्हणजे ३. गुणाकार ३६, म्हणजे ९. उत्तराच्या अंकांची बेरीज ९९, म्हणजे १८, म्हणजे ९. जुळला. पण नवाचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, म्हणून अकराचाही पाहावा. १२१ हा ११ चा वर्ग, तेव्हा उत्तराला ११ ने भाग जायलाच हवा. अंकांची आळीपाळीने बेरीज-वजाबाकी −११ येते. हाही जुळला. दोन्ही ताळे मिळून चूक निसटण्याची शक्यता बरीच कमी होते. जुन्या हिशेबनिसांची ही सवय आजही मोलाची आहे.

यातून संख्या स्वतःला वगळली की उरते ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८. मूळ संख्येच्या जेमतेम निम्म्याच्या थोडी वर. बेरीज संख्येएवढी असेल तर परिपूर्ण, जास्त असेल तर विपुल, कमी असेल तर न्यून. आपली संख्या न्यून.

हा निकाल एवढा गुणाकार न करताही मिळाला असता. विभाजकांची बेरीज आणि संख्या यांचं गुणोत्तर प्रत्येक मूळ अवयवासाठी ‘अवयव भागिले अवयव उणे एक’ यापेक्षा नेहमी कमी असतं. इथे ३/२ × ३७/३६ × ३३३६६७/३३३६६६, म्हणजे सुमारे १.५४. विपुल होण्यासाठी २ च्या वर जायला हवं. म्हणून ३, ३७ आणि ३,३३,६६७ हे अवयव कितीही वेळा घेतले तरी त्यांच्यापासून विपुल संख्या बनणारच नाही. आणि परिपूर्ण असण्याचा प्रश्न तर त्याहून लवकर मिटतो: विषम वर्गाच्या विभाजकांची बेरीज ही विषम संख्येइतक्या विषम संख्यांची बेरीज, म्हणजे विषमच, आणि परिपूर्ण संख्येसाठी ती संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, हवी. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही. एखादी असलीच तर ती वर्ग नसणार, हे एवढ्यावरून कळतं.

या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, तेही अवयवांवरूनच: ५४ × १३३२ × १,११,३३,३३,३३,२२२ = ८,००,७९,८३,९९,१९,९२,०१६.

पायरी ६ : दोन वर्गांची बेरीज

नियम असा: ४ ने भागून बाकी ३ देणारे मूळ अवयव सगळे सम वेळा आले असतील तरच संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते. इथे ३ आणि ३,३३,६६७ दोघेही बाकी ३ देतात आणि दोघेही सम वेळा आहेत. ३७ ची बाकी १, म्हणून खरं काम तोच करणार. ३७ = ६ चा वर्ग + १ चा वर्ग, आणि त्यावरून ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग (१२२५ + १४४ = १३६९). १११११११११ मध्ये ३७ किती वेळा? ३००३००३ वेळा. तेव्हा ३५ आणि १२ दोघांनाही ३००३००३ ने गुणायचं:

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

तीन बाजूंचा काटकोन त्रिकोण, कर्ण नऊ एकांचा, एका बाजूत १०५ तीनदा आणि दुसरीत ०३६ तीनदा. पडताळ्यासाठी तीन अंकांतच पाहा: १०५ चा वर्ग ११०२५, ३६ चा वर्ग १२९६, बेरीज १२३२१, म्हणजे १११ चा वर्ग. शून्य न वापरता आपली संख्या दोन वर्गांत मांडण्याचा हा एकच मार्ग आहे, क्रम आणि चिन्हं सोडली तर. बाकी १ देणारा मूळ अवयव फक्त ३७ आणि तोही दोनदाच, म्हणून एकच.

पायरी ७ : त्रिकोणी आहे का?

त्रिकोणी संख्या म्हणजे १, ३, ६, १०, १५... काही संख्या वर्गही असतात आणि त्रिकोणीही, उदाहरणार्थ ३६. अशा संख्यांची वर्गमुळं एका साध्या नियमाने येतात: शेवटच्या पदाला ६ ने गुणा, त्यातून आधीचं पद वजा करा. १, ६, ३५, २०४, ११८९, ६९३०, ४०३९१, २३५४१६, १३७२१०५, ७९९७२१४, ४६६१११७९, २७१६६९८६०. आपलं १११११११११ शेवटच्या दोघांच्या मध्ये पडतं, यादीत नाही. त्रिकोणी नाही, विषय संपला.

पायरी ८ : १ ला या संख्येने भागलं तर

मला या संख्येचा सर्वांत आवडणारा गुण इथे आहे. १ ला १२३४५६७८९८७६५४३२१ ने भागल्यावर आवर्ती दशांश येणार. प्रश्न एवढाच की किती अंकांनंतर तेच अंक परत सुरू होतात?

पायरी ४ मधली फेरी पुन्हा वापरायची. १११११११११ ला र म्हणू. आपली संख्या म्हणजे र चा वर्ग. १० चा नववा घात म्हणजे १ + ९र. याचा क वा घात घेतला तर विस्तारातली तिसऱ्या पदापासून पुढची सगळी पदं र च्या वर्गाच्या पटीत असतात, ती गळून पडतात आणि उरतं १ + ९ × क × र. बाकी १ व्हायची तर ९ × क ला र ने भाग जायला हवा. र मध्ये ९ आहेच, म्हणून क निदान र/९, म्हणजे १२३४५६७९. एकूण घात ९ × १२३४५६७९ = १११११११११. नऊच्या पटीत नसलेला घात चालणार नाही, कारण १० च्या नवव्याआधीच्या घातांतून १ वजा करून येणारी संख्या र पेक्षा लहान असते आणि तिला र ने भाग जाऊच शकत नाही.

म्हणजे आवर्ती गटाची लांबी ११,११,११,१११ अंक. संख्येच्या वर्गमूळाएवढी, नेमकी.

पायरी ९ : अंकांवर आधारलेले प्रकार

पायरी ८ मधली आवर्ती गटाची लांबी सोडली तर इथवरचे सगळे गुण संख्येचे स्वतःचे होते. ती दशमानाऐवजी दुसऱ्या कुठल्या पायात, जसं द्विमानात, लिहिली तरी ते बदलणार नाहीत. आताचे प्रकार दशमान लेखनावर अवलंबून आहेत, म्हणून त्यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते आणि अवयवांची मदत मर्यादितच होते. गणितज्ञ त्यांना दुय्यम मानतात. मला ते मान्य आहे, पण संख्यांशी मुलांची मैत्री व्हायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

उलटसुलट सारखी वाचली जाते, हे तर दिसतंच आहे.

हर्षद संख्या ही कापरेकरांची व्याख्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. आपली अंकबेरीज ८१, आणि अवयवांत ३ चा चौथा घात म्हणजे ८१ हजर आहे. भागाकार १५,२४,१५,७८,९९,७१,०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. तेव्हा हर्षद. हा भागाकार स्वतः मात्र हर्षद नाही: त्याची अंकबेरीज ६४ आणि तो विषम.

स्वयंभू संख्या हीसुद्धा कापरेकरांचीच. त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. कुठल्याही संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २१ पासून २१ + २ + १ = २४. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू, जशी २०. आपल्या संख्येला जनक आहे का? जनकाची अंकबेरीज ‘ब’ म्हणा. मग जनक म्हणजे आपली संख्या उणे ब. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, त्यामुळे ब हाही ९ च्या पटीतच असणार, आणि सतरा अंकांत तो १५३ च्या वर जाणार नाही. तपासायच्या शक्यता सतराच: ९, १८, २७... १५३. बदल फक्त शेवटच्या तीन अंकांत होतो. त्यांच्या आधीच्या अंकांची बेरीज ७५ कायम राहते. ब = ७२ घेतला तर शेवट २४९, अंकबेरीज ९०, जुळत नाही. ब = ८१ घेतला तर शेवट २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जुळलं. जनक सापडला: १२३४५६७८९८७६५४२४०. बाकीच्या शक्यतांत बेरीज ८१ किंवा ९० च येते आणि एकही जुळत नाही. म्हणून संख्या स्वयंभू नाही आणि तिला जनक एकच. योगायोग असा की जनकाची आणि अपत्याची अंकबेरीज दोन्ही ८१.

आनंदी संख्या: अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करत गेल्यावर १ वर पोचते ती. आपली वाट ४८९, १६१, ३८, ७३, ५८, ८९ अशी जाते, आणि ८९ आलं की पुढे १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८, ८९ असं चक्र सुरू होतं. आनंदी नाही. स्मिथ संख्येत मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज संख्येच्या अंकबेरजेएवढी लागते; इथे १२ + २० + ५६ = ८८, म्हणून तीही नाही.

सरावासाठी धाकटं भावंड

हीच तपासणी १२३४५६५४३२१ वर करा. ती सहा एकांच्या संख्येची, म्हणजे १,११,१११ ची, वर्गसंख्या आहे. १,११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७, प्रत्येक अवयव एकदाच, म्हणून वर्गात प्रत्येक दोनदा आणि विभाजक ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३. अंकबेरीज ३६, संख्या विषम, तेव्हा हर्षद नाही. जनक १२३४५६५४२७६. आवर्ती दशांशाचा गट २,२२,२२२ अंकांचा. इथे १,११,१११ मध्ये ९ नाही, ३ च आहे, म्हणून लांबी वर्गमूळाच्या दुप्पट होते. आणि विभाजकांची बेरीज १३ × ५७ × १३३ × १८३ × १४०७ = २५,३७,५५,२४,९९३. संख्या वगळून १३,०२,९८,७०,६७२ उरतात, आणि संख्या आहे १२,३४,५६,५४,३२१. मोठी बहीण न्यून, पण ही धाकटी विषम असूनही विपुल.